निवृत्ती मिळणेबाबत

“अभिनंदन, निवृत्ती! सुटलास बाबा एकदाचा! पेढे कधी?”

आस्थापना विभागाच्या बोराडेंनी माझ्या हातात कागद ठेवला तेव्हा सकाळचे साडेअकरा वाजले होते आणि माझ्या खांद्यावर चावी होती. चावी म्हणजे कपाटाची नव्हे. छातीएवढी उंच, वर आडवी दांडी असलेली लोखंडी चावी. ती रस्त्याखालच्या व्हॉल्व्हवर बसवायची, फिरवायची आणि गल्लीला पाणी सोडायचं. आमच्या नगरपरिषदेत मी एकतीस वर्षं चावीवाला होतो. एप्रिलचा महिना, गावाला पाचव्या दिवशी पाणी. बाजारपेठेची पाळी सोडून मी नुकताच ऑफिसात टेकायला आलो होतो.

कागद वाचला. ‘श्री. निवृत्ती धोंडीबा गायकर, चावीवाला, यांची स्वेच्छानिवृत्ती मंजूर करण्यात येत असून त्यांना आज रोजी कार्यालयीन वेळेनंतर कार्यमुक्त करण्यात येत आहे.’ खाली मुख्याधिकारी मॅडमची सही. शाईसुद्धा वाळली नव्हती.

माझं नावच असं, की ऑफिसात माझी रोज निवृत्ती व्हायची. ‘निवृत्ती आला का’, ‘निवृत्ती लांबली वाटतं’, ‘निवृत्ती जेवायला गेली’ – एकतीस वर्षं हे विनोद ऐकून कान किटले होते. म्हणून आधी वाटलं, बोराडेंनी गंमत केली असेल. पण जावक क्रमांक खरा होता आणि गोल शिक्काही खरा होता.

माझी अजून चौदा महिने नोकरी बाकी होती. स्वेच्छा कुणाची? माझी तर नव्हती. पण ऑफिसात स्वेच्छाही वरूनच येते, हे मी बऱ्याच जणांच्या बाबतीत बघितलेलं होतं. गेल्याच आठवड्यात मॅडमनी मला जिना चढताना पाहिलं होतं. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, कठडा धरून चाललो होतो. “काका, किती वर्षं राहिली?” त्यांनी विचारलं होतं. मॅडम नव्या, वयानं माझ्या धाकट्या लेकीएवढ्या. म्हटलं, गुडघे बघितले आणि घोडं बाजारात काढलं.

विचारायला जायचं माझ्या जिवावर आलं. ज्याला नको झालोय त्याला ‘का’ म्हणून काय विचारायचं?

“चार्ज सोपानला द्यायचाय,” बोराडे म्हणाले. सोपान हा कंत्राटी माणूस, दोन लेकरांचा बाप, दोन महिन्यांपूर्वी लागलेला. बोराडेंना लगेच विनोद सुचला. “बघा बघा, निवृत्तीनंतर थेट सोपान! मधला ज्ञानोबा कुठं गळाला हो?”

सगळे हसले. मी चावी सोपानच्या हातात दिली. त्याला ती दोन्ही हातांनी धरावी लागली.

“काका, दोनला बाजाराचा व्हॉल्व्ह बंद करून स्टँडचा सोडायचा, बरोबर ना? अजून काही ध्यानात ठेवायचं असलं तर सांगा की.”

“काही नाही,” मी म्हणालो. “वहीत सगळं लिहिलेलं असतं.”

सोपान गेला. मी नळाखाली तोंड धुतलं आणि व्हरांड्यात जाऊन बसलो. रिकाम्या खांद्यावर हात जाऊन जाऊन येत होता. तास-दीड तास बसलो असेन. येणारा-जाणारा हात मिळवत होता, नशीबवान म्हणत होता. आणि मग एकदम डोक्यात तिडीक गेली. नको झालोय तर तोंडावर सांगा! माझ्या इच्छेच्या नावानं कशाला?

तसाच उठलो आणि बोराडेंच्या टेबलावर हात आपटला.

“मी मागितली कधी ही निवृत्ती?”

“आता हे काय नवीन?” बोराडेंनी फाइल उघडली. “ही बघ टिप्पणी. ‘संदर्भ : आवक क्रमांक चारशे बारा, दिनांक नऊ जानेवारी.’ तीन महिन्यांची नोटीस लागते, ती आज पुरी झाली. सगळं नियमात आहे.”

“नऊ जानेवारी?”

“म्हातारचळ लागला का? स्वतः दिलेला अर्ज आठवत नाही!”

नऊ जानेवारीला मी अर्ज दिला होता हे खरं. पण तो दुसराच! मी खिशात हात घातला. त्या वर्षी गणवेश आलाच नव्हता, म्हणून मी घरचा पांढरा शर्ट घालून कामावर जायचो आणि खिशात त्या अर्जाची पोच घडी घालून ठेवायचो. रोज वाटायचं, आज तरी कुणी बोलावून विचारेल. पोचेवर तिरका पडलेला जांभळा शिक्का होता आणि आकडा होता चारशे बारा. विषय माझ्या हातानं लिहिलेला होता. मी जुना मॅट्रिक आहे, अक्षर वळणदार आहे. ‘विषय : निवृत्ती धोंडीबा गायकर यांना गुडघेदुखीमुळे हलके काम मिळणेबाबत.’

हलकं काम मागितलं होतं हो मी! निवृत्ती नव्हे!

गुडघे विसरून मी आवक-जावकच्या टेबलाकडे सुटलो. गावातून येणारा प्रत्येक अर्ज, तक्रार, लग्नपत्रिका आधी त्या टेबलावर जाते, तिथं तिला नंबर पडतो आणि रजिस्टरात विषय चढतो. त्या टेबलाशी कौसल्या निमोणकर बाई सव्वीस वर्षं बसत होत्या. सात महिन्यांनी त्यांचीही सेवा संपणार होती. तोंडाच्या फटकळ, पण दुपारच्या डब्यातलं लोणचं माझ्याशिवाय कुणाला द्यायच्या नाहीत.

“बाई, चारशे बारा काढा. जानेवारीतला.”

“आला का रुबाब दाखवायला? निरोपाचा चहा तरी पाज आधी.” त्यांनी रजिस्टर ओढलं, पानं उलटली, एका ओळीवर बोट ठेवलं. “हा घे.”

ते पान मार्चचं होतं. मला वाटलं, चेष्टा करतायत. मीच मागं गेलो आणि चारशे बारा सापडला. अर्जदाराच्या रकान्यात ‘चावीवाला, पाणीपुरवठा’. विषयाच्या रकान्यात त्यांच्या गोल अक्षरात दोनच शब्द.

“बाई, हे काय लिहिलंय?”

“डोळे आहेत ना तुला? वाच की.”

“तुम्ही वाचा.”

त्यांनी रजिस्टर उचललं. नाकाशी नेलं, खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं, चष्मा वर केला, खाली केला. मग रजिस्टर हळूच टेबलावर ठेवलं.

“तूच वाच,” त्या म्हणाल्या. आवाज त्यांचा नव्हताच तो.

“निवृत्ती मिळणेबाबत,” मी वाचलं. मग शेजारी पोच ठेवली आणि तीही वाचून दाखवली. बाई ऐकत राहिल्या.

“पहिला शब्द दिसला असणार मला,” त्या म्हणाल्या. “आणि शेवटचा दिसला असणार. मधे सगळं धुकं असतं रे. अर्ज काय, तेच ते असतात. नळ मिळणेबाबत, दाखला मिळणेबाबत. मधलं मी अंदाजानं भरते.”

“कधीपासून?”

“दोन वर्षं झाली. मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत.”

“मग काढून का नाही टाकला? आजकाल तर सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येतात.”

“माझ्या आईचा डोळा त्या ऑपरेशनातच गेला. अन् रजेचा अर्ज टाकला की कारण लिहावं लागतं. चुकीचे नंबर पडले म्हणून दोन मेमो आधीच खाल्लेत मी. तिसऱ्याला चौकशी लावतात. म्हटलं, सातच महिने राहिलेत, काढू कसेबसे.” मग एकदम ताठ बसल्या. “माझं तोंड काय बघतोस? जा, मॅडमना पोच दाखव. तुझे चौदा महिने आहेत. माझं मी बघते.”

त्यांनी शिक्का उचलला आणि पुढ्यातल्या पत्रावर दाणकन मारला. निम्मा कागदावर आला, निम्मा टेबलावर. टेबलाच्या कडेला जांभळ्या डागांचा थर का साचलेला असतो, ते मला त्या दिवशी कळलं.

खरं सांगतो, लपवत नाही. बाईंचं वाईट वाटलं, पण त्याहून जास्त मला आनंद झाला होता. मी कुणाला नको झालो नव्हतो! माझ्या गुडघ्यांवर कुणी बोट ठेवलं नव्हतं! नुसती एका ओळीची चूक, आणि ती पुसायचा कागद माझ्या खिशात. ऑफिस सुटेपर्यंत हुकूम फिरला की संपलं. मॅडमच्या केबिनकडे मी जवळजवळ पळतच गेलो.

दाराशी पोचलो आणि मागून पाणीपुरवठ्याचे इंजिनिअर हिवाळे मला ढकलून आत घुसले.

“मॅडम, बाजारचौकात लाईन फुटली!”

“मग व्हॉल्व्ह बंद करा ना!”

“करतोय सोपान. पण जितका बंद करतोय तितकं पाणी वाढतंय!”

काय झालंय ते मला त्या एका वाक्यात कळलं होतं.

“टाकीखालचा बंद करा मग,” मॅडम उठल्या.

“तो जाम आहे. दोन वर्षांपासून दुरुस्तीचं चाललंय.”

“टाकीत किती पाणी आहे?”

“उद्याच्या पाळीचं सगळं. अर्ध्या गावाचं.”

“यातलं कुणाला काही कळतं की नाही?”

हिवाळेंनी माझ्याकडे पाहिलं. “यांना कळतं. पण यांना आपण आजच कार्यमुक्त केलंय.”

“संध्याकाळपर्यंत आहेत ना ते?” मॅडम चपला सावरत म्हणाल्या. “चला काका!”

चौक ऑफिसपासून हाकेच्या अंतरावर. पण काय ते दृश्य! पाण्याचा फवारा कापडदुकानाच्या दुसऱ्या मजल्याला लागला होता. मिरच्यांचे ढीग रस्त्यातून तरंगत निघाले होते, बायका घागरी घेऊन धावत होत्या, आणि एका पठ्ठ्यानं तर अंगाला साबण लावून घेतला होता. पाचव्या दिवशी पाणी मिळणारं गाव ते. रडावं की नाचावं कुणाला कळत नव्हतं. व्हॉल्व्हच्या चेंबरवर सोपान अंगातलं सगळं बळ लावून चावी पिळत होता. उजवीकडे.

“सोपान! थांब!”

“काका, बंदच होईना!”

“तू उघडतोयस त्याला! उलट्या आट्याचा आहे तो!”

गावात एकशे सतरा व्हॉल्व्ह होते. एकशे सोळा उजवीकडे फिरवले की बंद होत. हा एकटा डावीकडे. कुठल्या काळी कुणी आणून बसवला देव जाणे. शिवाय खालची लाईन इतकी जुनी, की अकरा आट्यांच्या वर मी तिला कधी उघडलं नव्हतं. सोपाननं बंद करायचा म्हणून तो तळापर्यंत उघडला होता.

वरून चावी बसेना, पाण्याच्या जोरात घसरत होती. खाली उतरल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. चेंबरच्या कडेला बसलो, पाय सोडले, आणि उजव्या गुडघ्यात अशी कळ आली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. छातीएवढ्या पाण्यात उभा राहिलो. एका हातानं व्हॉल्व्हचं डोकं चाचपलं, दुसऱ्या हातानं चावी त्यावर आणून बसवली.

“आता दांडी धर. डावीकडं!”

“डावीकडं? काका, अजून उघडंल की!”

“डावीकडं म्हणतो ना! माझं ऐक!”

खालून मी, वरून सोपान. पहिला आटा हलता हलेना. मग कर्रकन आवाज झाला आणि दांडी फिरली.

“एक!” मी ओरडलो. “बावीस आहेत! मोज!”

“दोन!” सोपान ओरडला. तिसऱ्याला बघ्यांतलं कुणीतरी ओरडलं आणि पाचव्यापासून अख्खा चौक मोजायला लागला. सहा! सात! घागरीवाल्या बायका मोजत होत्या, साबणवाला मोजत होता, मॅडम चिंब भिजून कडेला उभ्या होत्या त्याही मोजत होत्या. बाराव्या आट्याला फवारा पहिल्या मजल्यावर आला. पंधराव्याला माणसाच्या उंचीचा झाला. माझे दंड भरून आले होते, गुडघे तर माझे राहिलेच नव्हते, आणि तरी सांगतो, एकतीस वर्षांत इतकी मजा मला कधी आली नव्हती. एकोणीस! वीस! एकवीस!

बावीस. पाणी थांबलं. टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या. साबणवाला तेवढा ओरडला, “अहो, दोन मिनिटं तरी द्यायची!”

मी चेंबरच्या भिंतीला टेकून उभा राहिलो. वर सोपान गुडघ्यांवर बसून धापा टाकत होता, हात सोलवटलेले. “माझीच चूक झाली काका,” म्हणत होता. “मला कळलंच नाही.”

त्याला कळणार कसं? सकाळी त्यानं विचारलं होतं मला. काही ध्यानात ठेवायचं असलं तर सांगा म्हणाला होता. उलटा आटा तेव्हा माझ्या जिभेवर होता आणि मी तो गिळला होता. विसरलो नव्हतो. रागानं गिळला होता. मला काढताय ना, मग बघा तुमचं तुम्ही, असं मनात आलं होतं. वही म्हणालो, पण वहीत पाळ्या होत्या, आटे नव्हते. आटे माझ्या डोक्यात होते. बोराडे विनोद करून गेले, पण मधला ज्ञानोबा मीच गाळला होता.

“काका,” मॅडम चेंबरच्या कडेशी ओणवल्या. “इतकं येतं तुम्हाला, अंगात एवढी धमक आहे, मग निवृत्तीचा अर्ज का दिलात हो?”

मी वर पाहिलं. मॅडमच्या मागं निमोणकर बाई उभ्या होत्या. रजिस्टर छातीशी धरलेलं, पदर भिजलेला. धडपडत आल्या असाव्यात, एका पायात चप्पल नव्हती. त्या पुढं झाल्या.

“मॅडम, तो अर्ज ना, मी—”

“दिला होता मॅडम!” मी खालून ओरडलो. “मीच दिला होता. गुडघ्यांनी वैताग आणला होता, त्या भरात दिला. चूक झाली. आता मागं घेतो.”

बाईंचं तोंड उघडंच राहिलं.

“नक्की?” मॅडमनी विचारलं. “आज बोराडेंशी काहीतरी वाद घालत होतात म्हणे. पोच वगैरे आहे का काही?”

“नाही मॅडम. पोच कुठली ठेवतोय मी.”

पोच छातीला चिकटून बसली होती, मला तिचा गारवा लागत होता. मॅडम माझ्या छातीकडेच बघत होत्या. मीही खाली पाहिलं. पांढऱ्या शर्टाच्या खिशातून जांभळा डाग पसरत चालला होता, गोल, आणि मधे नगरपरिषदेच्या नावातली दोन अक्षरं उलटी वाचता येत होती.

“खिशात काय फुटलं?”

“पेन, मॅडम.”

माझ्या खिशाला पेन कधीच नसायचं. पगारपत्रकावर सही करायलाही मी बोराडेंचं पेन मागायचो आणि बोराडे तिथंच उभे होते. बिचारे काही बोलले नाहीत. मॅडमनी डाग पाहिला, मग मागं वळून बाईंच्या हातातलं रजिस्टर पाहिलं, मग परत डाग पाहिला.

“ऑफिस सुटायला वेळ आहे अजून,” त्या म्हणाल्या. “मागं घ्यायचाय तर लेखी द्या. इथंच.”

मला बाहेर काढायला चौघे लागले. सोपाननं तर अक्षरशः कडेवर घेतल्यासारखं उचललं. मी अजून पाण्यानं निथळत होतो, म्हणून लिहायला बाई बसल्या, एका हातगाडीच्या फळीवर.

“विषय सांग,” त्या म्हणाल्या.

“निवृत्ती मागे घेणेबाबत.”

“पूर्ण सांग!” त्या कडाडल्या. “पूर्ण नाव, पूर्ण विषय! अर्धवट विषय मी घेत नाही!”

लोक हसले. मी पूर्ण सांगितलं. त्यांच्या ओळी कागदावर उतरत उतरत कोपऱ्यात गेल्या. शेवटी सहीची जागा मी बोटानं दाखवली, कारण त्या भलतीकडेच फुली मारत होत्या. मॅडमनी तिथंच शेरा लिहिला, ‘हुकूम रद्द’.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर फाइल होती आणि सगळ्यात तळाला, सहसा कुणी पोचत नाही तिथं, माझा मूळ अर्ज होता.

“काका, हा तर हलक्या कामाचा अर्ज आहे.”

मी खाली बघत उभा राहिलो. “अक्षर वाईट आहे मॅडम माझं.”

“इतकं चांगलं अक्षर या इमारतीत दुसऱ्या कुणाचं नाही.” त्यांनी अर्ज माझ्याकडे सरकवला. “चूक आवकची आहे, तुम्हाला माहीत होतं. मेमो कुणाला मिळाला असता तेही माहीत होतं.”

“मॅडम, चूक माझीही आहे,” मी म्हणालो. एकदा सुरू झालो तसं सगळं सांगितलं. सोपाननं विचारलं होतं आणि मी मुद्दाम सांगितलं नाही, हेही सांगितलं. “मिरच्यावाल्यांचं नुकसान माझ्यामुळं झालं. मेमो द्यायचाच तर मला द्या.”

मॅडमनी फाइल मिटली. “आवकनं वाचलं नाही, बोराडेंनी वाचलं नाही. सही करताना मीही वाचलं नाही. तुम्ही सांगितलं नाही. मेमोंचे कागद पुरायचे नाहीत.” मग हसल्या. “बसा. आता सांगा. एकशे सतरा व्हॉल्व्हचे आटे, एकेक करून. सोपान लिहून घेईल. आणि तुमचा अर्ज मी आज मंजूर करतेय, तीन महिने उशिरा. हलकं काम. आवक विभागात. निमोणकर बाईंना कुणीतरी वाचून दाखवायला हवं, असं मला वाटतं. तुम्हाला काय वाटतं?”

मी नुसते हात जोडले.

याला आता बारा वर्षं झाली. त्या टेबलाशी मी पुढचे चौदा महिने बसलो आणि रोज आनंदानं कामावर गेलो. पण पहिला दिवस सगळ्यात लख्ख आठवतो. खुर्ची ओढून बाईंच्या शेजारी बसलो. डब्यातलं लोणचं आज सकाळीच बाहेर काढून ठेवलेलं. टपालाचा गठ्ठा पुढ्यात होता.

“वाचू का पहिलं?”

“ते नंतर,” बाई म्हणाल्या. रजिस्टराखालून त्यांनी एक कागद काढला. कितीदा घडी घातली होती देव जाणे, घड्यांवर फाटायला आला होता. तारखेची जागा कोरी होती. “आधी हा घे. दोन वर्षं पडून आहे.”

मी वाचला. मग रजिस्टर माझ्याकडे ओढलं आणि स्वतःच्या हातानं नोंद केली. विषयाचा रकाना अरुंद, म्हणून खालची ओळ घेतली, तिच्याखालची घेतली, पण एक शब्द गाळला नाही.

“वाच काय लिहिलंस ते.”

“श्रीमती कौसल्या रामचंद्र निमोणकर यांना दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी रजा मिळणेबाबत.”

“सगळं लिहिलंस?”

“सगळं.”

त्यांनी शिक्का शाईत बुडवला, वर उचलला आणि हात हवेतच थांबला. मी कागद शिक्क्याखाली सरकवला आणि घट्ट धरून ठेवला.

“मारा, बाई,” मी म्हणालो.